माईक बिघडला म्हणायच्या आधी



या वेळी कर्ज, व्याज, हजेरी यातलं काही नाही. या वेळी आपल्या साउंड सेटबद्दल लिहिते. बऱ्याच ग्रामसंघांकडं आता स्वतःचा सेट आहे. कुणी सभेसाठी घेतला, कुणी हळदीला, बारशाला, हरिपाठाला भाड्यानं द्यायला घेतला. ज्यांच्याकडं गटाचा नाही त्यांच्या घरात टीव्हीला जोडलेला होम थिएटर तरी आहेच. आणि सगळीकडं तक्रार एकच: 'आवाज नीट येत नाही.'

आधी एक गोष्ट सांगते. ग्रामसभेच्या अगोदर महिलांची वेगळी सभा घ्यायची असा कायदाच आहे. अशाच एका महिला सभेला आम्ही चौकच्या बाजूच्या एका गावात समाजमंदिरात बसलो होतो. वरच्या ठाकूरवाडीतून एक ताई तासभर डोंगर उतरून आल्या होत्या. त्यांना वाडीच्या विहिरीबद्दल बोलायचं होतं. काय बोलायचं ते पाठ करून आल्या होत्या, मला दारातच दोनदा म्हणून दाखवलं. त्यांच्या हातात माईक दिला आणि अशी कर्कश शिट्टी बसली की पुढच्या पोरांनी कान दाबले. सगळे हसले. ताईंनी माईक माझ्या हातात दिला, 'तूच सांग गं' म्हणाल्या आणि पदर सावरून खाली बसल्या. मी सांगितलं, पण विहीर माझी नव्हती. दोन प्रश्न आले, मला उत्तर देता आलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला.

सेट लावणारा पोरगा म्हणाला, बायांना माईक धरता येत नाही. मला तेव्हा ते खरंच वाटलं. घरी आल्यावर फोनमधला त्या सभेचा फोटो बघितला तेव्हा दिसलं की स्पीकर ताईंच्या पाठीमागं, त्यांच्याकडंच तोंड करून ठेवला होता. तसा ठेवल्यावर त्यांच्या जागी सरपंच असते तरी शिट्टी बसली असती.

मी शिकले समाजकार्य, वायरिंगचा आणि माझा संबंध नव्हता. पण वर्षभर सेट उचलून गावोगाव फिरले, एक फ्यूज उडवला, पनवेलच्या एका दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि थोडं कळायला लागलं. जे कळलं ते लिहिते. मशीनचं झाकण उघडायचं काम यात कुठंही नाही. ते आपण करायचंच नाही. प्लग काढून ठेवला तरी आतल्या काही भागांत करंट साठून राहतो आणि जोरात बसतो.

आवाजाची वाट

नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? लगेच नळ बदलत नाही. टाकीत पाणी आहे का बघतो, कॉक उघडा आहे का बघतो, मग पाईप कुठं फुटला ते शोधतो. आवाजाचंही तेच. माईक किंवा फोन ही सुरुवात. तिथून वायर, वायरीतून मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, मशीनमधून दुसरी वायर आणि शेवटी स्पीकर. आवाज या वाटेत कुठंतरी अडलेला असतो. कुठं, ते शोधायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपली चूक इथंच होते. आवाज आला नाही की चौघी चार बाजूंनी चार बटणं फिरवतात. मग आवाज आला तरी कशानं आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच धावपळ.

एका गटानं मेकॅनिकला बोलावलं. त्यानं माईकच्या दांड्यावरचा खटका वर केला आणि येण्याजाण्याचे धरून साडेतीनशे रुपये घेतले. त्याला नाव ठेवत नाही, तो आला, त्याचा वेळ गेला. पण साडेतीनशे म्हणजे त्या गटातल्या साडेतीन जणींची महिन्याची बचत.

आवाजच येत नाही

मशीनचा दिवा लागलाय का? नसेल तर आधी बोर्ड बघा. त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावा. चार्जिंग होत असेल तर बोर्ड चांगला आहे. मग मशीनच्या मागं गोल टोपीसारखं झाकण असतं, त्यात काचेच्या नळीचा छोटा फ्यूज असतो. सेटचा प्लग बोर्डातून काढून ठेवायचा, मग ती टोपी फिरवून फ्यूज काढायचा आणि उजेडात धरायचा. आतली बारीक तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली असेल तर फ्यूज गेला. नवीन आणताना जुना सोबत न्या. त्याच्या टोकाच्या धातूवर आकडा असतो, तेवढ्याच अँपिअरचा घ्यायचा. चॉकलेटची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. करंट जास्त आला तर स्वतः जळून मशीनला वाचवायचं हेच फ्यूजचं काम. चांदी जळत नाही, मग मशीन जळतं. नवीन फ्यूजही लावल्या लावल्या उडाला तर तिसरा लावू नका, मशीन मेकॅनिककडं न्या.

दिवा लागलाय पण आवाज नाही, तर फोन जोडून गाणं लावा. फोनचा आवाजही मोठा करा, ते हमखास विसरतं. गाणं वाजलं तर मशीन, स्पीकर आणि त्यांच्यामधली वायर ठीक आहे, बिघाड माईकच्या बाजूला. मग माईकचा खटका, मशीनवरचं त्या माईकचं बटण आणि माईकची वायर बघा. मशीनवर प्रत्येक माईकचं वेगळं बटण असतं आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं. दोन्ही थोडी तरी उघडी लागतात.

गाणंही वाजलं नाही तर स्पीकरच्या बाजूला जा. इथं घड्याळातला पेन्सिल सेल कामाला येतो. मशीन बंद करा, स्पीकरच्या वायरीची दोन्ही टोकं मशीनमधून सोडवा आणि सेलच्या दोन टोकांना क्षणभर लावा. स्पीकरमधून 'टक्' असा आवाज आला तर स्पीकर आणि वायर दोन्ही जिवंत आहेत. काहीच आलं नाही तर हेच स्पीकरच्या अगदी जवळ करून बघा. तिथं 'टक्' आलं म्हणजे मधली वायर तुटली. दीड व्होल्टचा सेल, शॉकची भीती नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला स्वतःलाच टाळी वाजवावीशी वाटली होती.

वायर बहुतेक वेळा पिनेपाशी, मानेतच तुटते. बाहेरून चांगली दिसते. तिथं हलवल्यावर आवाज येजा करत असेल तर जागा सापडली. तेवढाच भाग कापून पिन नव्यानं डाख देऊन घ्यायची. अख्खी वायर विकत घ्यायला कुणी सांगितलं तर आधी दुसरीकडं विचारा. आणि वायर कोपरावर करकचून गुंडाळायची सवय सोडा, आतल्या तारांना पीळ बसतो. सुतळीच्या वेटोळ्यासारखी सैल, मोठी वेटोळी करून जुन्या साडीच्या पट्टीनं बांधा.

बिनवायरीचा माईक असेल तर सगळ्यात आधी सेल. कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा, आत राहिले तर पाझरतात आणि पत्रे गंजतात. माईक चालू आहे का बघायला त्यात फुंकर मारू नका, त्यावर टपलीही नको. आतला पडदा नाजूक असतो. 'नमस्कार' म्हटलं की कळतं.

शिट्टी

यावर जरा जास्त लिहिते, कारण आपल्या बायका गप्प होतात त्या यानं.

माईक माणसाचा आवाज ऐकतो तसा स्पीकरचाही ऐकतो. स्पीकरमधून आलेला आवाज माईकमध्ये शिरला की मशीन तो मोठा करून परत स्पीकरला देतं, तो परत माईकमध्ये शिरतो, परत मोठा होतो. हे इतक्या पटकन होतं की आपल्याला एकच कुंईऽऽ ऐकू येते. बिघडलेलं काहीच नसतं. माईक आणि स्पीकर एकमेकांशी बोलत बसलेत, त्यांना लांब करायचं, एवढंच.

शिट्टी बसली की पहिल्यांदा आवाज कमी करा. मग स्पीकर कुठं आहे ते बघा. बोलणारी बाई नेहमी स्पीकरच्या मागं हवी. स्पीकर तिच्या पुढं, तोंड लोकांकडं. दोन स्पीकर असतील तर दोघांच्या मधून एक रेघ ओढलीय असं समजा आणि माईक त्या रेघेच्या पुढं जाऊ देऊ नका. स्पीकर जमिनीवर ठेवू नका. टेबलावर, डोक्याच्या उंचीला ठेवला की मागच्या बायांनाही ऐकू जातं आणि पुढच्यांचे कान फुटत नाहीत, त्यामुळं आवाज तितका वाढवावाही लागत नाही. समाजमंदिराच्या उघड्या भिंती आणि वरचा पत्रा आवाज परतवतात. म्हणून हॉल रिकामा असताना शिट्टी जास्त बसते आणि बायका येऊन बसल्या की कमी होते. वापरात नसलेले माईक बंद ठेवा. तीन माईक उघडे म्हणजे शिट्टीला तीन दारं.

आता धरायचं कसं. लाजरी बाई माईक पोटाशी धरते, पदराआड. तिचा आवाज पोचत नाही म्हणून चालवणारा आवाज वाढवतो, वाढवला की शिट्टी बसते, आणि बोल तिला लागतो. माईक हनुवटीच्या जरा पुढं, ओठापासून चार बोटांवर धरायचा. अंतर निम्मं केलं की माईकला पोचणारा आवाज साधारण दुप्पट होतो, म्हणजे मशीनवरचा आवाज कमी करता येतो. जाळीच्या गोळ्यावर मूठ आवळायची नाही, दांडा धरायचा. गोळा झाकला की माईक चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी हमखास येते. मुलं गाणी म्हणताना टीव्हीतल्यासारखा गोळा धरतात, त्यांना तेवढं सांगा.

आणि 'इको'चं बटण. भजनी मंडळानं सेट नेला की ते इको चढवतात, टाळ-मृदंगाला गोड लागतं. सेट परत येतो तेव्हा बटण तसंच चढलेलं असतं. मग सभेत एक बाई बोलतेय आणि भिंतीतून चार बायका बोलल्यासारखं ऐकू येतं, शब्द एकात एक मिसळतात. सभेच्या आधी इको शून्यावर आणा. माझ्या मते 'ऐकू येत नाही' या निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

शेवटचं म्हणजे सभा सुरू व्हायच्या आधी जिला बोलायचंय तिला एकदा माईकवर स्वतःचं नाव आणि गाव सांगू द्या. हॉलमध्ये चार माणसं असतानाच. आपला आवाज स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकला की कुणीही दचकतं. ते दचकणं आधी होऊन जाऊ दे.

घूं आवाज आणि हाताला मुंग्या

माईक बंद असला तरी मागं सारखं 'घूंऽऽ' वाजतं, भुंगा बसल्यासारखं. आपली घरची वीज सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होते, तो विजेचाच आवाज असतो. तो कुठून शिरतोय ते शोधायला मशीनच्या मागच्या सगळ्या पिना एकेक करून काढा. जी काढल्यावर घूं थांबलं ती वायर दोषी. फोन असेल तर बघा, तो चार्जिंगला लावलाय का? चार्जर काढला की बऱ्याचदा घूं जातं. माईकची वायर लाईटच्या वायरीला चिकटून शेजारून आली असेल तर लांब करा, ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा. टीव्ही, डिशचा डबा आणि मशीन वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर एकाच बोर्डावर घ्या. सगळ्या पिना काढूनही घूं राहिलं तर दोष मशीनच्या आत आहे, तिथं आपला हात थांबला.

आता हे नीट वाचा. माईक ओठाला लागला आणि मुंग्या आल्या, किंवा मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणलं, तर 'थोडंच आहे' म्हणून पुढं चालू ठेवू नका. माईक खाली ठेवा, मेन बटण बंद करा, प्लग काढा. कार्यक्रम बिनमाईकचा झाला तरी चालेल. मशीनच्या तीन पिनांतली जाडी पिन अर्थिंगची असते. आतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर करंट त्या पिनेतून जमिनीत जावा, आपल्या अंगातून जाऊ नये, यासाठी ती असते. दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून लोक ती कापतात. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या हातात लोखंडी जाळीचा माईक देताना ती पिन कापलेली आहे का, हे बघणं आपलं काम.

पिन असली तरी बोर्डातल्या त्या भोकामागं अर्थिंगची तार जोडलेली असेलच असं नाही. जुन्या समाजमंदिरांत, अंगणवाडीत नुसतंच भोक असतं. वायरमनकडून तपासून घ्या. सार्वजनिक इमारत असेल तर ग्रामपंचायतीला अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या आणि महिला सभेत विषय मांडा. मांडवात तारेवर आकडा टाकून लाईट घेतली असेल तर तिथं आपला सेट लावायचा नाही, भाडं बुडालं तरी.

खरखर आणि फाटका आवाज

बटण फिरवताना खरखरतं म्हणजे आत धूळ किंवा गंज. मशीन बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यानं जातं. पिना काळ्या किंवा हिरवट झाल्या असतील तर पोरांच्या कंपासमधल्या खोडरबरानं घासा.

आवाज फाटतो तेव्हा आधी कमी करून बघा. कमी केल्यावर साफ येत असेल तर आपण मशीनकडून जास्त मागतोय. कमी आवाजातही फाटत असेल तर एकेक स्पीकर वेगळा लावून बघा, फाटणारा सापडेल.

स्पीकर वाढवताना

भाडं वाढावं म्हणून एका ग्रामसंघानं जुन्याच मशीनला आणखी दोन स्पीकर जोडले आणि तासाभरात मशीन तापून बंद पडलं. स्पीकरच्या मागं ८ ओहम किंवा ४ ओहम असं लिहिलेलं असतं. ८ चे दोन स्पीकर शेजारी-शेजारी एकाच जागी जोडले की मशीनला ते ४ वाटतात, चार जोडले तर २. आकडा जितका खाली तितका मशीनवर भार. मशीनच्या मागं कमीत कमी किती ओहम चालतात ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही. भोंगेवाल्या मोठ्या मशीनवर ४, ८, १६ याच्या शेजारी १०० व्होल्ट अशीही एक जागा असते. ती लांबवर भोंगे न्यायला, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी. साधा स्पीकर चुकून तिथं जोडला तर जळतो. नवीन काही जोडायचं असेल तर दुकानात दोन्हींच्या मागच्या पाट्यांचे फोटो काढून न्या. नुसतं 'मोठा द्या' म्हणू नका. लॅमिंग्टन रोडला गेलात तर तिथं स्वस्त मिळतं हे खरं, पण बदलून घ्यायला परत जायचं भाडंही त्यात धरा.

घरचा होम थिएटर

घरच्या सेटचे प्रश्न वेगळे असतात. 'गाण्याचा आवाज मोठा येतो, पण मालिकेतली माणसं काय बोलतात ते कळत नाही,' ही तक्रार मी चार घरांत ऐकली. पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा डबा असतो ना, त्यातला मधला स्पीकर बोलण्याचा. त्याची वायर निघाली किंवा तो कपाटामागं गेला की संगीत राहतं आणि बोलणं जातं. तो टीव्हीच्या खाली समोर ठेवा. नसेलच तर रिमोटवरून सेट स्टिरिओवर टाका, मग बोलणं दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतं.

टीव्ही नवीन घेतला आणि होम थिएटर गप्प झाला, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या ठिकाणी 'पीसीएम' निवडून बघा. नवीन टीव्ही जो आवाज पाठवतो तो काही जुन्या सेटना कळत नाही, पीसीएम बहुतेकांना कळतो. त्याआधी रिमोटवरचं सोर्सचं बटण बघा, नातवंडानं दाबून ब्लूटूथवर टाकलेलं असतं. ब्लूटूथवर दुसऱ्याच कुणाचा फोन जोडलेला असू शकतो. चाळीत एकदा एका ताईंच्या घरात शेजारच्या मुलाची रील वाजत होती, त्यांना वाटलं सेटला भूत लागलं.

आवाज पातळ, ढोलकीचा ठेका गायब? एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय का बघा. मग एक स्पीकर पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो आणि ठेका मरतो. सेट चालू होऊन दोन सेकंदांत आपोआप बंद होत असेल तर मागं वायरीचा एखादा सुटा केस शेजारच्या तारेला टेकलाय. सेट बंद करून तारा पिळून नीट बसवा.

पाऊस

आपल्याकडं जूनपासून चार महिने भिंती घाम गाळतात. इर्शाळगडावरून धुकं खाली आलं की घरातला तांदूळही दमट होतो, मग मशीनचं काय. सेट जमिनीवर नको, भिंतीला चिकटूनही नको, चुलीच्या धुराजवळ नको. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतला ओलावा आतच राहतो. वरून जुनी सुती चादर पुरे. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करून ठेवा, स्वतःच्या उष्णतेनं मशीन आतून सुकतं. वायरी पत्र्याच्या डब्यात ठेवा, उंदरांना त्यांची भारी आवड. बॅटरीवाला, चाकांचा स्पीकर असेल तर भाडं नसलं तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच तीन महिने पडली की बहुतेक वेळा परत उठत नाही. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि सेट भिजलाच तर 'चालतो का बघू' म्हणून चालू करायचा नाही.

मेकॅनिककडं जाताना

'बिघडलाय' एवढंच सांगितलं की तो म्हणेल ते बिल. 'फोनवर गाणं वाजतं, माईकवर आवाज नाही, वायर बदलून बघितली' असं सांगा. निम्मं काम आपण करून आणलंय हे त्याला कळतं. आधी अंदाज विचारा, बदललेला जुना भाग परत मागा. गटाच्या वहीत सेटचं एक पान ठेवा: कोणाला दिला, काय काय दिलं, परत आला तेव्हा काय चालत नव्हतं. सेट देताना आणि घेताना घेणाऱ्यासमोर माईक आणि गाणं दोन्ही वाजवून बघा, म्हणजे नंतर वाद नको.

भाड्यानं देताना कायद्याचंही बघावं लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायला बंदी आहे. सरकार वर्षातल्या ठरावीक सणांना १२ पर्यंत सूट देतं, ते दिवस पोलीस ठाण्यात विचारून घ्या. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. परवानगी ज्याचा कार्यक्रम त्यानं काढायची, पण तिची प्रत बघितल्याशिवाय सेट देऊ नका, कारण जप्त झाला तर तो गटाचा जातो.

पुढच्या महिन्यात प्रभागसंघाची बैठक आहे. येताना घरातल्या बंद माईक, तुटक्या वायरी, गंजलेल्या पिना पिशवीत घालून आणा. जेवणानंतर तासभर आपण पेन्सिल सेल घेऊन बसू. डाख द्यायला एका गटातल्या ताईंचा मुलगा येतोय, आयटीआयला आहे.

वाडीवरच्या त्या ताईंनाही निरोप पाठवलाय. पुढच्या महिला सभेला त्या अर्धा तास आधी येणार आहेत. स्पीकर कुठं ठेवायचा ते त्याच सांगतील.